क्रोमियम विलेपन, मोटारगाडीच्या एंजिनकक्षातील भागांचे

जुन्या मोटारगाडीचा जीर्णोद्धार करताना एंजिनकक्षातील निवडक धातुभागांवर विद्युत् विलेपनाने क्रोमियमाचा पातळ थर चढवितात. झडपांवरील झाकण, हवेच्या गाळणीचे झाकण, तेल भरण्याच्या तोंडाचे टोपण, आधारपट्ट्या इ. भाग यासाठी सामान्यतः निवडले जातात. या भागांची आरशासारखी चकाकी क्रोमियमामुळे येते, असा समज आहे. तथापि सजावटीच्या विलेपनात क्रोमियमाचा थर केवळ ०·२ ते ०·५ मायक्रॉन जाडीचा असतो (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). चकाकी ही मुख्यतः खालच्या गुळगुळीत पृष्ठाची व त्यावरील निकेलाची असून गंजापासून संरक्षणही निकेलच देते. निकेल काळवंडू न देणे, ओरखड्यांना विरोध करणे व निळसर छटा देणे एवढेच क्रोमियमाचे कार्य असते. त्यामुळे कामाचे यश विलेपनाच्या टाकीपेक्षा पूर्वतयारीवर अवलंबून असते.

इतिहास : क्रोमियम या मूलद्रव्याचा शोध व्होक्लँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १७९७ मध्ये लावला. मोटारगाड्यांच्या आरंभीच्या काळात चकचकीत भागांवर निकेलाचा मुलामा असे व तो वारंवार घासून उजळावा लागे. १९२०–३० या दशकात अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात कॉलिन फिंक व चार्ल्स एल्ड्रिज यांनी क्रोमियम विलेपनाची व्यापारी दृष्ट्या उपयुक्त पद्धत विकसित केली आणि दशकाच्या अखेरीस ती मोटार उद्योगात रूढ झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात जुन्या गाड्यांची एंजिने बदलून त्या वेगवान करण्याचा छंद फोफावला व एंजिनाचे भागही क्रोमियमाने मढविण्याची प्रथा पडली. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या बहुतेक गाड्यांत मात्र हे भाग रंगविलेले असत. १९४८ मध्ये पुढे आलेल्या जॅग्वार एक्सके एंजिनाची प्रसिद्ध चकचकीत झाकणेसुद्धा क्रोमियमाची नसून पॉलिश केलेल्या ॲल्युमिनियमाची होती. म्हणून गाडी मूळ स्वरूपात आणावयाची असल्यास प्रत्येक भागाचे मूळचे पृष्ठ कसे होते, हे आधी निश्चित करावे लागते.

कृती : भाग सुटा करून तेल व रंग काढतात. पोलादी भागावरील जुने क्रोमियम दाहक सोड्याच्या विद्रावात भाग धनाग्रास जोडून उतरवितात. नंतर गंजाने पडलेले खळगे घासून काढतात. खोल खळगे झाळकामाने भरावे लागतात. राळेचे भरण वीजवाहक नसल्याने त्यावर मुलामा धरत नाही. क्रमाक्रमाने बारीक होत जाणाऱ्या अपघर्षकांनी पृष्ठ घासून कापडी चाकावर झिलई करतात. यानंतर तांब्याचा थर देऊन तो पुन्हा घासल्यास सूक्ष्म चरे बुजतात. जस्ताच्या मिश्रधातूच्या भागांवर तांब्याचा पहिला थर सायनाइडयुक्त विद्रावातून, तर ॲल्युमिनियमावर प्रथम जस्ताचा अतिशय पातळ थर द्यावा लागतो. त्यावर निकेल सल्फेट, निकेल क्लोराइड व बोरिक अम्ल यांच्या विद्रावातून सु. १० ते ३० मायक्रॉन जाडीचे निकेल चढवितात.

अखेरच्या टाकीत १ लि. विद्रावात सु. २५० ग्रॅ. क्रोमिक अम्ल व त्याच्या शंभरांश सल्फ्यूरिक अम्ल असते. तापमान सु. ४०° ते ५०° से. ठेवतात. धनाग्रे शिशाच्या मिश्रधातूची असतात. विजेचा सु. १० ते २० टक्के भागच क्रोमियम साचविण्यास उपयोगी पडतो. उरलेल्या विजेने मुख्यतः हायड्रोजन वायू निर्माण होतो. खोलगट जागी क्रोमियम नीट पोहोचत नाही, म्हणून कोपरे व कंगोरे असलेला भाग टाकीत कसा टांगावा याला महत्त्व असते.

मर्यादा : विलेपनात निघणारा हायड्रोजन पोलादात शिरून त्यास ठिसूळ करतो. सु. १,००० मेगॅपास्कालपेक्षा अधिक ताणबल असलेल्या पोलादास हा धोका विशेष असतो व असा भाग पुढे भाराखाली अचानक तुटू शकतो. यावर उपाय म्हणून तो विलेपनानंतर लवकरच सु. १९०° ते २२०° से. तापमानात कित्येक तास तापवितात. तरीही संयोगदांड्यांचे बोल्ट, स्प्रिंगा व सुकाणूयंत्रणेचे भाग केवळ शोभेसाठी विलेपित करू नयेत. निष्कास नळ्यांवरील मुलामा उष्णतेने पिवळसर-निळा पडतो. झडपांवरील झाकणाच्या आत तेलाचे तुषार अडविणारी पडदी असल्यास तिच्यामागे अपघर्षकाचे कण व अम्ल साचून राहतात. ते पूर्णपणे धुऊन न काढल्यास तेलात मिसळून एंजिनाचे धारवे झिजवितात. झाकणाची कड अतिघासणीने वाकडी झाल्यास तेथून तेल गळते.

आरोग्य व पर्यावरण : क्रोमिक अम्लातील क्रोमियम षट्‌संयुजी असते. टाकीतून उठणाऱ्या हायड्रोजनाच्या बुडबुड्यांबरोबर अम्लाचे तुषार हवेत जातात. त्यांमुळे कामगारांच्या त्वचेवर व्रण होतात आणि नाकातील पडद्यास छिद्र पडू शकते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९० मध्ये षट्‌संयुजी क्रोमियमाची संयुगे मानवात कर्करोगकारक ठरविली. टाकीच्या काठाशी वायुशोषक, पृष्ठताण कमी करणारी द्रव्ये व संरक्षक साधने यांनी धोका कमी होतो. सांडपाण्यातील षट्‌संयुजी क्रोमियमाचे सोडियम बायसल्फाइटाने कमी विषारी त्रिसंयुजी रूपात रूपांतर करून चुन्याने ते साक्याच्या रूपात वेगळे काढतात. त्रिसंयुजी क्रोमियमाचे विद्राव १९७० नंतर व्यापारी वापरात आले. त्यांनी मिळणारी छटा किंचित वेगळी असते. यूरोपीय संघात २०१७ पासून क्रोमियम ट्रायऑक्साइडाचा वापर परवान्याच्या अधीन झाला, तर सजावटीचे षट्‌संयुजी विलेपन टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा निर्णय कॅलिफोर्निया राज्याने २०२३ मध्ये घेतला.

घरगुती टाकीत हे विलेपन करणे म्हणूनच अनुचित होय. भाग सुटे करणे, त्यांची मूळ स्थिती नोंदविणे व ते स्वच्छ करणे एवढे काम गाडीच्या मालकाने करावे. विलेपन मात्र तुषार व सांडपाणी यांची योग्य व्यवस्था असलेल्या कारखान्याकडे सोपवावे. घासून गेलेली मूळ धातू परत मिळत नसल्याने दुर्मिळ भागांबाबत रंग किंवा साधी झिलई हा पर्याय आधी विचारात घेणे इष्ट ठरते.