खेळून पाहिले, मग सांगायचे काय?

मोठ्या कंपनीच्या व्हिडिओ गेममधील चुका शोधण्यासाठी पगारी परीक्षकांचा स्वतंत्र विभाग असतो. परंतु एकटा माणूस किंवा तीन-चार जणांचा गट बड्या प्रकाशकाच्या पैशाशिवाय जो गेम तयार करतो, ज्याला ‘इंडी’ म्हणजे स्वतंत्र गेम म्हणतात, त्याला पहिले परीक्षक मिळतात ते वर्गमित्र, भावंडे आणि ओळखीपाळखीची माणसे यांच्यातूनच. जळगाव, धुळे किंवा शिरपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ‘गोडो’सारखे गेम इंजिन, म्हणजे चित्रे, हालचाल, आवाज आणि नियम यांची जुळणी करून देणारी तयार प्रणाली, आज विनामूल्य मिळते व साध्या लॅपटॉपवर चालते, त्यामुळे गेम तयार करण्यासाठी पुण्या-मुंबईला बिऱ्हाड हलवण्याची गरज उरलेली नाही. गरज उरते ती खेळून पाहून नीट सांगणाऱ्या माणसांची, आणि ती मात्र कोणत्याही इंजिनासोबत मिळत नाहीत.

अशा गेमला साधारणपणे दोन प्रकारचे अभिप्राय मिळतात. ओळखीची माणसे ‘एक नंबर’ म्हणून मोकळी होतात आणि अनोळखी माणसे ‘फालतू’ म्हणून. या दोन्ही शब्दांतून गेम करणाऱ्याला उद्या सकाळी नेमके काय दुरुस्त करावे हे कळत नाही, म्हणून उपयोगाच्या दृष्टीने दोन्हींची किंमत सारखीच ठरते. त्यातही कोरडी स्तुती अधिक घातक म्हणावी लागेल, कारण टीकेने माणूस निदान चिडून गेम पुन्हा उघडून पाहतो, तर स्तुतीने तो सदोष गेम तसाच बाजारात आणतो.

समजा, एखाद्या विद्यार्थ्याने रावेर परिसरातील केळीच्या बागेवर मोबाइल गेम केला, त्यात बागेतले घड रस्त्यावरच्या ट्रकपर्यंत पोहोचवायचे असतात आणि तिसऱ्या लेव्हलमध्ये, म्हणजे तिसऱ्या टप्प्यात, वादळ सुटते. ‘तिसरी लेव्हल अवघड आहे’ हे वाक्य खरे असले तरी अपुरे आहे. ‘उडीच्या बटणावर अंगठा ठेवला की समोरचा पाट त्याच अंगठ्याखाली झाकला जातो, म्हणून घड पुन्हा पुन्हा पडला आणि शेवटी गेम बंद केला, मात्र वाऱ्याचा आवाज वाढू लागतो तेव्हा खरोखर घाई सुटते’ असे सांगितले, तर दोष कुठे आहे, त्याचा परिणाम काय झाला आणि कशाला हात लावू नये, या तिन्ही गोष्टी करणाऱ्याच्या हाती पडतात. गेम मध्येच बंद पडत असेल, तर ती रचनेची नव्हे, प्रोग्रॅममधली चूक असते. तिला ‘बग’ म्हणतात, आणि ती कळवताना फोन कोणता, गेमची आवृत्ती कोणती आणि बंद पडण्यापूर्वी नेमके काय दाबले, एवढे सांगितले तरी शोधाचे निम्मे काम हलके होते.

याच गेममधील शेतकरी अहिराणी बोलत असेल, तर पुण्याच्या किंवा बंगळुरूच्या परीक्षकाला त्यात वावगे काही दिसणार नाही. रावेर-यावलच्या खेळाडूला मात्र आपल्या भागातील केळी-बागायतदारांच्या घरांत प्रामुख्याने लेवा गणबोली ऐकू येते आणि अहिराणीचा ठसा धुळे, अमळनेरकडे अधिक आहे, हे लगेच जाणवेल. असा अभिप्राय बाहेरचा कोणताही तज्ज्ञ देऊ शकत नाही, आणि स्थानिक खेळाडूने ‘आपल्याला गेममधले काय कळते’ असे म्हणून तो गिळून टाकणे हे त्या गेमचे मोठे नुकसान आहे.

अभिप्राय घेणाऱ्यालाही पथ्य पाळावे लागते. ‘हाफ-लाइफ’ हा 1998 साली आलेला प्रसिद्ध गेम घडत असताना व्हॉल्व्ह या अमेरिकी कंपनीने बाहेरचे खेळाडू बसवून चाचण्या घेतल्या, ज्याला ‘प्लेटेस्टिंग’ म्हणतात. त्या वेळी गेम रचणाऱ्यांनी मागे बसून फक्त पाहायचे, खेळाडू अडला तरी तोंडातून शब्द काढायचा नाही, असा दंडक होता. गेम विकला गेल्यावर ‘इथून उडी मार’ असे सांगायला करणारा प्रत्येकाच्या शेजारी बसणार नसतो, हे त्यामागचे कारण. खेळाडूचा अडखळलेला हात हाच पुरावा असतो. त्यावर खेळाडूने सुचवलेला उपाय मात्र जसाच्या तसा स्वीकारण्याचे बंधन नाही, कारण कुठे त्रास झाला हे त्याला पक्के ठाऊक असते, पण गेमच्या आतली रचना त्याने पाहिलेली नसते.

प्रोत्साहन म्हणजे टीका गोड करून सांगणे नव्हे. 1907 साली जळगावला भरलेल्या कविसंमेलनात धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे या कोवळ्या वयाच्या मुलाने कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्याला ‘बालकवी’ ही पदवी दिली, हे मराठी वाचकांना ठाऊक आहे. पण तो गौरव तिथेच थांबला नाही. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या घरी या मुलाला आपुलकी आणि काव्याची जाण असलेल्या माणसांचा सहवास लाभला, आणि नवोदिताला टाळीइतकीच या सहवासाची गरज असते. पहिली आवृत्ती खेळून मत देणाऱ्याने दुसरी आवृत्तीही मागून घ्यावी, असे म्हणावेसे वाटते ते यासाठीच.

महाराष्ट्रातील ठळक उदाहरण पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचे आहे. ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ या गेमसाठी 2017 साली लोकवर्गणीची मोहीम काढली गेली, पण ठरलेली रक्कम उभी राहिली नाही, तरीही काम चालू राहिले आणि 2020 साली गेम बाजारात आला. असुरांनी पळवलेल्या भावाला शोधणाऱ्या मुलीची ही कथा, तिची चित्रशैली आणि वास्तुरचना यांचे जगभर कौतुक झाले, त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या इंडी गेमसाठी ‘राजी’ला नामांकनही मिळाले, मात्र लढाईत जोर जाणवत नाही आणि शेवट अचानक येतो, असेही अनेक समीक्षकांनी स्पष्ट लिहिले. 2022 साली आलेल्या सुधारित आवृत्तीत लढाईवर पुन्हा काम केलेले होते आणि हिंदी आवाजही होता. कौतुक आणि उणीव दोन्ही नेमक्या शब्दांत मिळाल्यावर छोटा गट कुठवर जाऊ शकतो, हे यातून दिसते.

संगणकावरील गेम विकणाऱ्या ‘स्टीम’ या दुकानात खेळाडू शिफारस करतो किंवा करत नाही, एवढेच दोन पर्याय असतात आणि किमान 10 अभिप्राय आल्याशिवाय गेमला एकत्रित शेरा मिळत नाही. म्हणून लाखो प्रती खपणाऱ्या गेमला एक मत म्हणजे काहीच नसले, तरी खानदेशातील नवख्या गेमसाठी तेच मत दहावा हिस्सा ठरू शकते. तिथे दिलेला अभिप्राय नंतर बदलता येतो. तक्रार केलेला दोष दूर झाल्यावर गेम पुन्हा उघडून आपला जुना शेरा दुरुस्त करणे हेही परीक्षकाचेच काम आहे, कारण जुन्या आवृत्तीवरची तक्रार आज वाचणाऱ्या खेळाडूला आजचीच वाटते आणि तो गेम न घेताच पुढे निघून जातो.