विश्लेषण : बुधन शबरसाठी कोर्टात गेलेल्या लेखिका महाश्वेतादेवी कोण होत्या?

फेब्रुवारी १९९८. पश्चिम बंगालच्या पुरुलियात बुधन शबर या आदिवासी तरुणाचा कोठडीत मृत्यू झाला. पोलिसांनी आत्महत्या म्हणून हात झटकले. प्रकरण तिथेच मिटलं असतं, पण महाश्वेतादेवींच्या शबर कल्याण समितीने कलकत्ता उच्च न्यायालय गाठलं. न्यायालयाने सीबीआय चौकशी आणि बुधनच्या पत्नीला भरपाईचे आदेश दिले.

बुधनवरच संशय का? १८७१च्या ब्रिटिश कायद्याने अनेक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं होतं. १९५२मध्ये तो रद्द झाला, शिक्का मात्र राहिला. आपल्याकडच्या पारध्यांना हे वेगळं सांगायला नको.

त्याच वर्षी महाश्वेतादेवी, गणेश देवी आणि ‘उचल्या’कार लक्ष्मण गायकवाड यांनी भटक्या-विमुक्तांच्या हक्कांसाठी कृतिगट उभारला. योगायोग म्हणजे गोविंद निहलानींचा ‘हजार चौरासी की माँ’ हा सिनेमाही १९९८चाच. तो त्यांच्याच कादंबरीवर बेतलेला. अनेकांना त्या तेवढ्यापुरत्याच माहीत आहेत.

बिरसा मुंडांवरच्या ‘अरण्येर अधिकार’ला १९७९चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुढे ज्ञानपीठ, मॅगसेसेही. २८ जुलै २०१६ रोजी कोलकात्यात त्यांचं निधन झालं. अहमदाबादच्या छारानगरमधल्या तरुणांचं ‘बुधन थिएटर’ आजही बुधनचं नाव लावतं.