गटारातला वायू ओळखणारा सेन्सर: विज्ञान समजून घेऊ, हक्काने जाब विचारू

"मॅनहोलमध्ये उतरलेल्या सफाई कामगारांचा गुदमरून मृत्यू." ही बातमी आपण वर्षातून किती वेळा वाचतो? एक जण आत उतरतो, बेशुद्ध पडतो. त्याला वाचवायला दुसरा उतरतो, मग तिसरा. मरणारे कोणत्या वस्त्यांमधले असतात, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. बातमीत कारण म्हणून 'विषारी वायू' एवढेच दोन शब्द येतात. हा वायू कोणता आणि तो आधी ओळखता येतो का, हे आपण समजून घेतले पाहिजे. कारण तो ओळखता येतो.

नाकावर विसंबू नका

सांडपाण्यातील गाळ हवेविना कुजला की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तो हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो. थोडा असताना सडक्या अंड्यांसारखा वास येतो. पण प्रमाण 100 पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 100 भागांच्या आसपास गेले की नाकच बधिर होते. कामगाराला वाटते वास गेला, धोका टळला. 500 पीपीएमच्या पुढे काही मिनिटांत शुद्ध हरपते. 1000 च्या आसपास तर काही श्वासांतच माणूस कोसळतो. पेटता दिवा आत सोडून पाहण्याची जुनी पद्धत आणखी घातक आहे. आत मिथेन असेल तर स्फोट होऊ शकतो.

सेन्सर काम कसे करतो?

विद्युत-रासायनिक सेन्सर म्हणजे एक चिमुकली बॅटरीच समजा. वायू एका पातळ पडद्यातून आत शिरतो आणि इलेक्ट्रोडवर त्याची रासायनिक क्रिया होते. त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि वीज वाहते. वायू जितका जास्त, तितकी वीज जास्त. तोच आकडा यंत्रावर दिसतो आणि मर्यादा ओलांडली की भोंगा वाजतो.

घरी रक्तातील साखर मोजायचे यंत्रही याच कुळातले. त्याच्या पट्टीवर एन्झाइम, म्हणजे जैविक घटक असतो, म्हणून तो बायोसेन्सर. ही कल्पना लेलँड क्लार्क यांनी 1962 मध्ये मांडली.

आता नॅनोचे काय? ही क्रिया इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर होते. एक सेंटिमीटर बाजूच्या ठोकळ्याचा पृष्ठभाग 6 चौरस सेंटिमीटर असतो. त्याच ठोकळ्याचे एक नॅनोमीटरचे, म्हणजे मीटरच्या एक अब्जाव्या भागाएवढे, तुकडे केले तर एकूण पृष्ठभाग 6000 चौरस मीटर होतो. जवळपास दीड एकर! म्हणून संशोधक इलेक्ट्रोडवर ग्राफीन, कार्बन नॅनोट्यूब किंवा सोन्याचे नॅनोकण बसवतात. सोन्याला गंधकाची ओढ असते, त्यामुळे हायड्रोजन सल्फाइडसाठी ते उपयोगी पडते. असे सेन्सर अगदी कमी प्रमाणातला वायूही टिपू शकतात. यातले बरेचसे काम अजून प्रयोगशाळेत आहे. पण त्याची वाट पाहत बसायचे कारण नाही. चार वायू तपासणारे साधे, हातात मावणारे यंत्र बाजारात केव्हापासूनच मिळते.

यंत्र म्हणजे परवाना नव्हे

इथे एक सावधगिरी हवी. झाकण उघडल्यावर आकडा शून्य दिसला, तरी गाळ ढवळताच त्यात अडकलेला वायू एकदम बाहेर येतो. म्हणून वरच्या, मधल्या आणि तळाच्या थरात तपासणी करावी लागते आणि काम संपेपर्यंत ती चालू ठेवावी लागते. सेन्सरही दोन-तीन वर्षांत निकामी होतो. त्याची वेळोवेळी चाचणी झाली नसेल, तर तो खोटा धीर देणारा डबा ठरतो. आणि मुळात माणसाला आत उतरवावेच का लागते, हा प्रश्न कोणतेही यंत्र सोडवत नाही.

2013 च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय गटार आणि सेप्टिक टँकची सफाई करून घेण्यावर बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये मृताच्या कुटुंबाला 10 लाख, तर ऑक्टोबर 2023 मध्ये 30 लाख रुपये भरपाई ठरवून दिली. भरपाई मिळालीच पाहिजे, पण ती मृत्यूनंतर येते. सेन्सरचा भोंगा मृत्यूच्या आधी वाजतो.

आपण काय करू शकतो?

माहितीच्या अधिकारात आपल्या नगरपालिकेला किंवा महापालिकेला विचारा:

• वायू तपासणारी यंत्रे किती आहेत, कधी घेतली?
• त्यांची शेवटची चाचणी कधी झाली?
• ती वापरण्याचे प्रशिक्षण कोणाला दिले?
• ठेकेदाराच्या करारात यंत्राची आणि यांत्रिक सफाईची अट आहे का?

आपल्यातील विज्ञान आणि इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी ही माहिती वस्तीत, विहारात, कामगारांच्या बैठकीत सोप्या भाषेत सांगावी. आत कोणी कोसळला तर साधनांशिवाय त्याच्यामागे उतरायचे नाही, लगेच अग्निशमन दलाला बोलवायचे, एवढे एक वाक्य जरी घरोघरी पोहोचले तरी दुसरा आणि तिसरा जीव वाचेल. पहिला जीव वाचवण्यासाठी मात्र प्रशासनाला जाब विचारावाच लागेल.