गॅसच्या मिग मशीनवर फ्लक्सची तार



मंडीत कापूस यायला लागला की कुक्षीत ट्रॉल्यांचे हूक आणि फाळके दुरुस्तीला निघतात, आणि नेमका तेव्हाच गॅसचा सिलिंडर संपतो. काम उघड्यावर असेल तर भरलेल्या सिलिंडरचाही उपयोग नाही. वारा गॅस उडवतो आणि वेल्डमध्ये भोके पडतात. आम्ही जन्मभर बँकेत होतो, गन कधी हाती धरली नाही. पण कर्ज देण्याआधी यंत्र समजून घ्यायची सवय अजून सुटलेली नाही, म्हणून वर्कशॉप असलेल्या आपल्या कुटुंबांसाठी हे लिहीत आहोत.

फ्लक्सची तार आतून पोकळ असते. तिच्यातली भुकटी जळून स्वतःच गॅस तयार करते आणि वेल्डवर स्लॅगचे आवरण धरते. मात्र रीळ घेताना त्यावरचा आकडा वाचावा. ई ७१ टी-१ या तारेला भुकटी असूनही बाहेरचा गॅस लागतोच. ई ७१ टी-११ आणि ई ७१ टी-जीएस यांना लागत नाही. त्यातही जीएस फक्त एका थराच्या वेल्डसाठी असते, आणि लहान स्वस्त रिळे पुष्कळदा याच जातीची निघतात. ट्रॉलीच्या हुकावर थरावर थर चढवावे लागतात, तिथे ती मुळीच वापरू नये. भरली ट्रॉली रस्त्यात सुटली तर मागच्या मोटरसायकलवाल्याच्या जिवावर बेतेल.

मशीनमधला मोठा बदल पोलॅरिटीचा. साध्या तारेला गन प्लसवर असते; बिनगॅसच्या तारेला गन मायनसवर आणि अर्थ प्लसवर हवा. प्लग काढून, झाकण उघडून आतल्या दोन जोडण्या उलट करायच्या. काही हलक्या मशीनमध्ये ही सोयच नसते, म्हणून विकत घेण्यापूर्वी विचारावे. रोलर दातेरी लावावा आणि त्याचा दाब कमी ठेवावा, नाहीतर पोकळ तार चेपते. टिप तारेच्याच मापाची हवी.

सोबत गॅसही सोडला तर वेल्ड आणखी चांगले होते, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. हवेतल्या ऑक्सिजन-नायट्रोजनला तोंड द्यायला तारेत ॲल्युमिनिअम घातलेले असते. गॅस दिला की ते जास्तीचे वेल्डमध्येच उरते आणि जोड ठिसूळ होतो. व्हॉल्व बंदच ठेवावा.

गन ओढत न्यावी, ढकलू नये. स्लॅग ठोकून, ब्रश मारून मगच पुढचा थर द्यावा. धूर पुष्कळ होतो, त्यामुळे बंद शेडमध्ये हे काम नको. पातळ पत्र्याला गॅसच बरा. तिकडे परतताना गन पुन्हा प्लसवर घ्यावी. उरलेले रीळ पिशवीत घट्ट बांधून ठेवावे, पावसाळ्यात भुकटी दमट होते.