जलावतरण आणि त्यापुढचा खटाटोप

रायपूरच्या गोल बाजारातील व्यापाऱ्यास समुद्र परका वाटला, तरी १९३१ साली पुऱ्या झालेल्या विजयनगरम् लोहमार्गाने विशाखापट्टणमचे बंदर त्याच्या मुलखाशी जोडले गेले. आणि त्याच विशाखापट्टणमी, सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सिंदिया कंपनीच्या कारखान्यात बांधलेल्या, सुमारे ८००० टनी ‘जलउषा’ जहाजाचे जलावतरण १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाले.

समारंभाचा थाट क्षणाचा. खरी कसोटी त्यापूर्वीची. आधाराचे ठोकळे काढून प्रचंड सांगाड्याचा भार वंगण फासलेल्या उतरणीवर आणावा लागतो, आणि तो सरकू लागला की पाण्यात प्रथम शिरणारा पिछाडीचा भाग तरंगून वर उचलला जात असता, नाळेखालच्या आधारावर जो विलक्षण दाब येतो, त्याचे गणित चुकले तर सगळीच मेहनत फुकट जाते.

टाळ्या वाजवून पाहुणे परततात, परंतु पाण्यावर आलेले ते जहाज बहुधा अर्धेमुर्धेच असते. मग धक्क्याशी बांधून यंत्रे, डोलकाठ्या, नळ, विजेच्या तारा, खोल्या असा सारा सरंजाम त्यात भरतात. प्रवासी जहाजात तर भोजनगृहापासून शय्यांपर्यंतचा बंदोबस्त करताना महिनेच्या महिने जातात. शेवटी सागरी चाचणी होते, आणि ती यशस्वीपणे पार पडल्यावरच मालक जहाज ताब्यात घेतो.