जुन्या नक्षीची नवी गोधडी

गोधडी ठाऊक नाही असे मराठी घर विरळाच. कोकणात तिला वाकळ म्हणतात, इकडे माळव्यात गुदडी म्हणतात. परंतु रीत सर्वत्र एकच. विरलेली लुगडी व धोतरे एकावर एक अंथरावयाची आणि कडेपासून आत आत येत धावदोरा घालावयाचा. अठराव्या शतकात पवारांच्या काळी धार व देवास येथे मराठी कुटुंबे येऊन राहिली. त्यांच्या घरांतील जुन्या पेट्या उघडल्या तर आजही अशा गोधड्या निघतात.

अलीकडे मात्र बाजारात दुसऱ्याच जातीची गोधडी दिसू लागली आहे. तिच्यात जुने कापड नसते. असते ते जुन्या नक्षीचे नवे कापड. धार जिल्ह्यातील कुक्षीजवळच्या बाघ या गावी खत्री समाजाचे कारागीर असे कापड लाकडी ठशांनी छापतात. त्यांचे पूर्वज सिंधमधून आले. ठसे साग किंवा शिसव यांचे असून त्यांपैकी काही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहेत; काहींवरील नक्षी बाघच्या प्रसिद्ध लेण्यांतील चित्रांवरून घेतलेली आहे. 2008 मध्ये या छपाईला भौगोलिक निर्देशांक मिळाला.

हे काम पाहण्यासारखे असते. कोरे कापड प्रथम धुऊन एरंडेल, खार आणि बकरीच्या लेंड्या यांच्या मिश्रणात भिजवितात. (लेंड्यांचे नाव काढताच आमच्या वर्गात हशा पिकला होता!) मग हिरड्याच्या पाण्यातून काढले की ते पिवळसर होते. त्यावर चिंचोक्याच्या खळीत कालविलेली तुरटी व हिराकस यांचे ठसे उमटवितात. तुरटीचा ठसा या वेळी फारसा दिसतही नाही. काही दिवसांनी कापड वाहत्या पाण्यात धुऊन अॅलिझरीन आणि धावडीची फुले घातलेल्या कढईत उकळतात, तेव्हा तुरटीच्या जागी लाल आणि हिराकसाच्या जागी काळा रंग प्रकट होतो. पूर्वी हा लाल रंग आल नावाच्या झाडाच्या मुळांतून काढीत. 1868 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी अॅलिझरीन कृत्रिम रीतीने तयार केले आणि आलीची शेती हळूहळू बसली. तेव्हा ज्याला आपण जुना लाल म्हणतो, तोही पुरता जुना नव्हे.

आता आमच्या हातून घडलेला एक प्रमाद सांगतो. सासूबाईंच्या पेटीत एक जुनी छापील चादर होती. तिची नक्षी इतकी सुरेख, की तिचेच तुकडे कापून आम्ही एका गोधडीच्या वरच्या थरास लावले. एका हिवाळ्यातच काळी वेलबुट्टी जागोजाग फाटली; तांबडी फुले मात्र शाबूत राहिली. पुढे कारण कळले. हिराकसात लोह असते, आणि लोह काळांतराने सुताचा तंतू खाते. म्हणूनच जुन्या छापील वस्त्रात काळा भाग आधी झिजतो. सासूबाई एवढेच म्हणाल्या, "अगं, विरलेलं आत घालायचं असतं, वर नाही." पदवी घेऊनही आम्हांस हे कळले नव्हते!

आमच्या माहेराकडे, उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ व यल्लापूर भागात, सिद्दी समाजाच्या स्त्रिया आहेत. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. बोलतात मात्र कोकणी. त्या जुन्या कपड्यांचे तुकडे जोडीत कौदी शिवतात व चारही कोपऱ्यांना घडी घातलेली चिंधीची 'फुले' लावतात. त्या फुलांवाचून कौदी पुरी झाली असे त्या मानीत नाहीत. अमेरिकेत अलाबामातील जीज बेंड येथील कृष्णवर्णीय स्त्रियांनीही कामाच्या जीर्ण कपड्यांतून गोधड्या केल्या. 2002 मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्यांचे प्रदर्शन भरले, आणि 2006 मध्ये त्यांची चित्रे अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर आली. या स्त्रियांनी नक्षी विकत आणली नव्हती. हाती जो तुकडा आला त्याने ती ठरविली. नव्या कापडाच्या गोधडीत हे येत नाही, असे आमचे प्रामाणिक मत आहे. तथापि तिच्यामुळे ठसेवाल्यांच्या हाताला काम राहते, आणि जुन्या वस्त्रांवर कात्री चालत नाही, हेही खरे.

यंदा आम्ही बाघचे नवे कापड वर-खाली लावून आत सासूबाईंची दोन विरलेली लुगडी घातली आहेत. धावदोरा त्यांनीच घातला. उरलेली चादर मलमलीत गुंडाळून ठेविली आहे. सुटीत ती बाघला नेऊन दाखवावयाची आहे. त्या वेलीचा ठसा कोणाकडे निघाला, तर पुढची गोधडी त्याच नक्षीची होईल.