कोंबडीच्या अंगातला जागल्या आणि बर्ड फ्ल्यूचा डाव



उसाला जोड म्हणून आपल्यापैकी पुष्कळांच्या दारात पाच-पंचवीस गावरान कोंबड्या असतात. काहींनी तर कर्ज काढून शेडही उभी केली आहे. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्ल्यू निघाला. भारतातल्या कोंबड्यांत हा रोग सापडण्याची ती पहिलीच वेळ. लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावीही शेकडो कोंबड्या दगावल्या. काल दाणे टिपणारी कोंबडी आज मरून पडते, ती का? याचे उत्तर विषाणूच्या चलाखीत आहे.

शरीरातली हाळी

शरीर म्हणजे असंख्य पेशींचे एक गाव समजा. पेशीपेशीत विषाणूवर नजर ठेवणारे जागले असतात. विषाणू आत शिरून आपल्या नकला काढू लागला, की त्याचा आरएनए, म्हणजे त्याचे बीजद्रव्य, परके आहे हे जागल्या ओळखतो. मग पेशी हाळी देते. ही हाळी म्हणजे इंटरफेरॉन नावाचे प्रथिन. ती ऐकून शेजारच्या पेशी कड्या लावून सावध होतात. १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमन यांनी इंटरफेरॉन शोधले, तेही फ्ल्यूचा विषाणू आणि कोंबडीच्या अंड्यातला पडदा वापरूनच.

तोंड दाबण्याची युक्ती

चोर घरात शिरताना आधी राखणीच्या कुत्र्याचे तोंड बांधतो. फ्ल्यूचा विषाणू नेमके तेच करतो. त्याच्याजवळ एनएस-१ नावाचे प्रथिन असते. ते विषाणूच्या आरएनएवर पांघरूण घालते, म्हणजे जागल्याला तो दिसूच नये. शिवाय हाळी पुढे पोचवणाऱ्या साखळीतले दुवेही ते अडवून धरते. दुसरे प्रथिन पीए-एक्स. याचा शोध २०१२ साली लागला. ते पेशीने काढलेले हुकूमच कातरून टाकते. हुकूम नाही, तर इंटरफेरॉन तयार होणार कशातून?

१९९८ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी एनएस-१ काढून टाकलेला फ्ल्यूचा विषाणू तयार केला. धडधाकट उंदरांपुढे तो लुळा पडला. पण ज्या उंदरांना इंटरफेरॉनची हाळी ऐकूच येत नव्हती, त्यांना त्याने मारले. यावरून एनएस-१ चे खरे काम स्पष्ट झाले.

बदक तगते, कोंबडी मरते

विषाणूचा आरएनए ओळखणारा एक पटाईत जागल्या आहे, त्याचे नाव रिग-आय. तो बदकात असतो, कोंबडीत नसतोच, असे २०१० साली दिसून आले. शास्त्रज्ञांनी बदकाचा रिग-आय कोंबडीच्या पेशींत घातला, तेव्हा विषाणूची वाढ कमी झाली. म्हणून बदक पुष्कळदा विषाणू अंगात बाळगूनही हिंडत राहते आणि कोंबडी पटापट मरते. कोंबडीजवळ दुसरे जागले आहेत, पण विषाणू त्यांचेही तोंड दाबतो.

तर मग हाळी आपण द्यायची

कोंबडीच्या अंगात हाळी उशिरा होते, म्हणून ती मालकाने लवकर द्यावी, एवढेच या लेखाचे सांगणे.

एकाएकी मर होऊ लागली, तुरे निळे पडले, डोकी सुजली, तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. तसे कळवणे २००९ च्या कायद्याने बंधनकारकही आहे. मेलेले पक्षी ओढ्यात किंवा उसाच्या फडात टाकू नका, उघड्या हातांनी उचलू नका, आणि उरलेले घाईघाईने बाजारात नेऊ नका. अँटिबायोटिकवर पैसे घालवू नका, विषाणूवर ते चालत नाही. बदके आणि कोंबड्या एकत्र ठेवू नका. सरकारने नष्ट केलेल्या पक्ष्यांसाठी भरपाईची तरतूद आहे.

लपवालपवी हा विषाणूचा धंदा आहे, आपण त्याला हातभार लावू नये.